मोजलेले घास

१

माझ्या वडिलांनी छप्पन साली घरातले देव, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या असं सगळं एका टोपल्यात भरलं आणि नदीत सोडून दिलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणाला भूत दिसलं नाही. आजी म्हणायची, देव गेले तशी भुतंही त्यांच्या मागोमाग गेली. वडील म्हणायचे, दोन्ही कधी नव्हतीच. मी वडिलांची मुलगी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना ही बाई भोळी होती असं कुणी समजणार नाही.

पंच्याऐंशी साली मी गोंडपिपरीला मुलींच्या एका वसतिगृहात गृहपाल होते. कौसल्या फुलझेले, मुक्काम तिथंच, खोली फाटकाजवळची. बेचाळीस मुली, आणि स्वयंपाकाला सुगंधाबाई. पंगत सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाला बसायची. भात, लाखोळीचं वरण, एखादी भाजी. मी ओळींमधून फिरायची. कोण भाजी बाजूला सारते, कोण शेजारणीच्या ताटातलं उचलते, हे मला न बघता कळायचं. अकरा वर्षं तेच केलं होतं.

रुखमा जूनमध्ये आली, आठवीत. वय तेरा, अंगानं नऊची. कोरपन्याच्या पुढच्या एका गावातले वामनराव गुरुजी तिला घेऊन आले होते. आई बाळंतपणात गेलेली, बाप कामासाठी बल्लारपूरकडे गेला तो परतलाच नाही. चुलत्याच्या घरी वाढलेली. चुलताही आता नव्हता. फाटकाशी गुरुजी मला म्हणाले, “पोरगी हुशार आहे बाई. फक्त जेवणाचं जरा पाहा.”

“म्हणजे काय?”

“पाहाल तेव्हा समजेल,” म्हणाले, आणि परतीच्या एस.टी.ला धावले.

मला समजायला तीन आठवडे लागले. रुखमा पोट भरलं म्हणून कधी थांबतच नव्हती. घास उचललेला असायचा, हात तोंडाच्या वाटेवर असायचा आणि तिथंच थांबायचा. मान जराशी उजवीकडे वळायची, कुणी हाक मारेल म्हणून वाट बघावी तशी. मग ती घास ताटात परत ठेवायची आणि उठायची. एका सकाळी नऊ घास. संध्याकाळी चार. दुसऱ्या दिवशी बारा. आणि उठताना नजर भातावर.

मी तिला अडवलं. “पोट भरलं?”

“नाई.”

“मग काऊन उठली?”

“झालं बाई.”

“काय झालं?”

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुमाले ऐकू नाई आलं?”

२

त्या दिवशी मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं. चौथ्या दिवशी आलं.

सकाळची पंगत. मुली श्लोक म्हणून बसल्या, ताटांचा खडखडाट झाला, आणि त्या गोंगाटाच्या खाली, वेगळा, एक आवाज. टण्. पाण्यानं भरलेल्या पितळेच्या भांड्यावर पळी मारावी तसा. रिकाम्या भांड्याचा आवाज वर जातो. भरलेल्याचा आत जातो. हा आत जाणारा होता. मी रुखमाकडे पाहिलं. तिनं घास घेतला. टण्. दुसरा घास. अकरा वेळा वाजलं, मग थांबलं. तिचा हात हवेत राहिला.

वसतिगृहात पितळेचं एकही भांडं नव्हतं. सगळं जर्मनचं, ॲल्युमिनियमचं.

मी गोंधळून गेले नाही. आवाज आहे म्हणजे तो कुठून तरी येतो. आधी बोरिंग पाहिलं. हापशाच्या दांड्याचा खिळा सैल होता, तो घट्ट करून घेतला. आमच्या भिंतीमागे मंगरू सुताराचं काम चालायचं. त्याला सांगितलं, दोन दिवस पंगतीच्या वेळी हातोडी ठेवून दे. त्यानं ठेवली. शाळेची घंटा पाहून आले, ती लोखंडाच्या रुळाच्या तुकड्याची होती, आवाज अगदीच वेगळा. सुगंधाबाईला म्हटलं, वाढताना पळी भांड्यावर आपटू नको.

“म्या कुठी आपटतो बाई?” ती म्हणाली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. “तुमचे कान वाजून राह्यले असतील. पाऊसपाण्याचे दिवस आहेत, हवा लागली असन.”

तेही शक्य होतं. मी दवाखान्यात गेले. कंपाउंडरनं पिचकारी मारून दोन्ही कान धुतले, बराच मळ निघाला.

त्या संध्याकाळी आवाज आणखी स्वच्छ आला.

३

ऑगस्टमध्ये रुखमाचं वजन चोवीस किलो भरलं. जुलैपेक्षा दोनानं कमी. मी तिला चंद्रपूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, डोळे ओढून पाहिले, छातीचा फोटो काढायला लावला, जंतांचं पाहिलं. मग तिला बाहेर बसवून मला म्हणाल्या, “शरीरात काही सापडत नाही. घरी जेवणावरून मारत होते का हिला?”

“मारल्याचं मला माहीत नाही.”

“विचारा. जेवण हीच ज्या मुलाची शिक्षा असते, ते पुढे कुठंही जेवायला बसलं तरी शिक्षेलाच बसतं. मारणारं माणूस समोर लागत नाही. बावीसच्या खाली गेली तर लगेच भरती करा. आणि औषधावर फार भरवसा ठेवू नका.”

मला ते पटलं. इतकं पटलं की आवाजाचाही उलगडा झाल्यासारखा वाटला. मुलीला तो आठवतो, आणि मी तिच्याकडे सारखी बघते म्हणून मलाही भास होतो. एकाची जांभई दुसऱ्याला लागते, तसं.

परतीच्या एस.टी.त रुखमा खिडकीशी बसली होती. मी विचारलं नाही. तीच बोलायला लागली, बाहेर बघत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी.

“मोठी माय गुंडापाशी बसे. हातात पळी. वाजवलं का एक घास घ्याचा. थांबली का उठाचं. मी गाई सोडाले उशीर केला तं दोनच वाजवे. एक डाव तं चार दिवस वाजवलंच नाई.”

मोठी माय म्हणजे चुलती, बायनाबाई. गुंड म्हणजे आमच्याकडची पाणी भरायची मोठी पितळी घागर.

“आन् कधी थांबतच नसे,” ती म्हणाली. “पाहुणे येऊन गेले, अन्न उरलं, का मंग वाजवतच राहे. ओकली तरी वाजवे. तोंड मिटलं तं गाल धरे. असे.” तिनं अंगठा आणि दोन बोटं स्वतःच्या गालांत रुतवली. तोंड आपोआप उघडलं. खालचे दात दिसले.

मी तिचा हात खाली घेतला. “आता ती इथं नाही ना, रुखमा?”

“नाई.”

“मग?”

“वाजते तं,” ती म्हणाली.

४

दसऱ्यानंतरचा एक रविवार. दुपारी मुली विहिरीवर कपडे धूत होत्या, सुगंधाबाई बाजारात गेली होती. मी खोलीत हजेरीचं रजिस्टर लिहीत होते. आवाज सुरू झाला.

पंगतीची वेळ नव्हती. मी लेखणी खाली ठेवली आणि मोजायला लागले. वीस. तीस. एका लयीत, न थांबता. चाळिसाव्याला मी उठले. व्हरांड्यातून कोठीच्या खोलीपर्यंत पोचेपर्यंत साठ झाले होते.

कोठीचं दार लोटलेलं होतं. रुखमा तांदळाच्या पोत्याशी मांडी घालून बसली होती आणि कच्चे तांदूळ खात होती. मूठ भरायची, तोंडात कोंबायची, दोनदा चावायची, गिळायची. शेजारी पिठाचा डबा उघडा होता, ओठांवर पीठ, तिखटाची लाल बोटं गालाला लागलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भुकेल्या माणसाच्या तोंडावर अन्न पाहून जे येतं, त्यातलं तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. टण् झालं की हात पोत्यात जात होता.

मी तिच्या पायांकडे पाहिलं, हे मुद्दाम सांगते. मला शंका होती की तीच टाचेनं काहीतरी वाजवत असेल. पाय मांडीखाली दुमडलेले होते. डावा हात मांडीवर उताणा पडला होता.

“बाई,” तोंडातून तांदूळ सांडत ती म्हणाली, “थांबवा ना तिले.”

मी तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. ती विहिरीच्या वाटेवरच ओकली. तिचं तोंड धुवत असतानाही आत, रिकाम्या कोठीत, ते चालूच होतं. मग थांबलं.

मी त्या संध्याकाळी ठरवलं. ज्या गोष्टीचं मूळ सापडत नाही, तिच्या मुळाशी जाऊन यायचं. सुगंधाबाईला सांगितलं, “मी उद्या एक दिवस नाही. पंगतीत रुखमाचे घास मोजून ठेव.”

“घास?”

“हो, घास. काऊन म्हणून विचारू नको.”

५

दोन एस.टी. बदलून मी पाचच्या सुमाराला त्या गावात पोचले. तिकडे सिमेंटच्या धुळीनं कापसाची झाडं बोंडं फुटायच्या आधीच पांढरी दिसतात. वामनराव गुरुजी मला चुलत्याच्या घरापर्यंत सोडायला आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

घरात बायनाबाईचा मुलगा लटारू आणि त्याची बायको चंदा. दोघं गरीब स्वभावाची, माझ्यापुढे नीट उभंही राहवत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, रुखमाच्या फॉर्मवर सही पाहिजे. सही झाली. मग विचारलं, “बायनाबाई कुठं आहेत?”

“मायले लकवा मारला,” लटारू म्हणाला. “रुखमी गेली आन् आठच दिवसात. एक उजवा हात तेवढा चालते. बोलणं बंद.”

मधल्या खोलीत खाटेवर ती पडली होती. मला वाटलं होतं कुणी थोराड, उग्र बाई असेल. ही म्हणजे गोधडीखालची चार हाडं. केस विंचरलेले, कपाळ स्वच्छ. सून काळजी घेत होती हे दिसत होतं. खाटेला लागून पितळेचा गुंड होता आणि तिच्या उजव्या मुठीत पळी.

“सोडतच नाई,” चंदा म्हणाली. “आमाले वाटलं पाणी मांगते, म्हणून गुंड जवळ ठेवला. पण पाणी नाई पीत. नुसती वाजवते.”

“केव्हा?”

“दोन टायमाले. शाळेत पोट्टे जाते त्याच्या आंधी, आन् दिवे लावाच्या टायमाले. घड्याळ नाई बाई आमच्या घरी. पण बरोबर त्याच टायमाले.” तिनं सासूची गोधडी सारखी केली. “कधी कधी दुपारी वाजवते. मंग लय येळ वाजवते. काल वाजवली.”

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. सहाला दोन मिनिटं कमी होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले.

सहा वाजले. बायनाबाईचा हात उठला. टण्.

तोच आवाज. तो भरल्या गुंडाचा आत जाणारा आवाज. गावाहून नव्वद किलोमीटरवर बसून मी चार महिने तो ऐकला होता, आता हातभर अंतरावरून ऐकत होते, आणि तो जरासुद्धा मोठा झाला नव्हता.

ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे, भिंतीच्या खालच्या बाजूला बघत होती, जिथं जमिनीवर कुणी जेवायला बसलं तर त्याचं तोंड येईल. टण् केल्यावर ती थांबायची. चावायला लागतो तेवढा वेळ. मग तिची नजर हळूच एक वीतभर खाली उतरायची, गळ्यावरून घास उतरताना बघावा तशी. आणि पुन्हा टण्.

सात झाले. पळी गोधडीवर टेकली. मग तिनं मान न हलवता डोळे माझ्याकडे वळवले. तोंडाचा चालता अर्धा भाग वर गेला. लकव्यात असं होतं, हे मला माहीत आहे.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. सुगंधाबाई फाटकातच उभी होती.

“मोजले?” मी विचारलं.

“काल सकाळी नऊ. संध्याकाळी सात.” ती पदराला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. “बाई, सातव्या घासाले थांबली ना, तवा म्या म्हनलं, खाय ना माय थोडं. तं म्हणते, बाई तिथी उभ्या आहेत. म्या म्हनलं, कोणत्या बाई, कुठी? तं म्हणते, खाटेपाशी.”

मी खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा पंगतीला उशीर झाला, आणि तो माझ्यामुळे.

त्यानंतर घास कमी व्हायला लागले. माझ्या जाण्यानं ते झालं, असं मी आज म्हणते. तेव्हा मी तसं मान्य केलं नसतं. पाच. चार. मग रोज तीन. मी गुरुजींना पत्र टाकलं, काहीही करून त्या म्हातारीच्या हातातली पळी काढून घ्यायला लावा. त्यांचं कार्ड आलं: ‘पळी काढून घेतली. नखानं वाजवते. आवाज पळीचाच येतो. आपण सुशिक्षित आहोत, तरी लिहितो.’

रुखमा वर्गात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं, परत आणली. वजन बावीसवर आलं होतं. मी तिला समजावलं, रागावले, एकदा मारायलाही हात उचलला आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. ती माझ्यावर रुसली नाही. मला धीर द्यावा तसं म्हणाली, “तुमचं काई चुकलं नाई बाई. ती मोजते ना.”

७

कार्तिकातली सकाळ. मुलींना लवकर जेवायला घालून शाळेत पाठवलं. रुखमाला मी ठेवून घेतलं. लांबलचक हॉल रिकामा, सारवलेल्या जमिनीवर खिडक्यांचं ऊन. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले. मध्ये ताट: मऊ भात, वरण, वर चमचाभर तूप. दारात सुगंधाबाई.

टण्.

रुखमानं एक घास घेतला. आम्ही वाट पाहिली. पुढचा आवाज आलाच नाही.

“एकच,” ती म्हणाली. तिचा आवाज म्हातारीसारखा झाला होता.

मी भात कालवला, घास केला, तिच्या ओठांशी नेला. “दोन,” मी म्हणाले. माझा पंगतीतला आवाज, बेचाळीस मुलींना एका दमात गप्प करणारा. “मी मोजतेय. हे माझं वसतिगृह आहे. इथं कोण किती जेवणार ते मी सांगणार. दोन.”

ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मग तिनं तोंड उघडलं आणि घास घेतला. गिळला.

हॉल क्षणभर इतका शांत झाला की भिंतीमागे मंगरूचा रंधा चालल्याचं ऐकू आलं.

आणि मग ते सुटलं. टण् टण् टण् टण्. लय नाही, श्वास घ्यायला जागा नाही. जमिनीखालून, छपरातून, ओळीनं उपड्या घातलेल्या ताटांतून. रुखमाचे दोन्ही हात ताटात गेले. मुठी भरभरून ती भात तोंडात कोंबायला लागली. चावणं नाही, नुसतं कोंबणं. डोळे पांढरे झाले. घशातून घर्र असा आवाज आला.

“बाई, गुदमरून राह्यली पोरगी!” सुगंधाबाई ओरडली. त्या दिवशी तीही ऐकत होती.

मी ताट लाथेनं उडवलं, रुखमाला खाली उताणी पाडली, तिचे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांखाली दाबले आणि तोंडात बोट घालून भात बाहेर काढायला लागले. एक गोळा निघाला. दुसरा. श्वास आला. तिनं तोंड मिटलं, घट्ट.

आणि माझ्या डोळ्यांसमोर तिच्या गालांत खळगे पडायला लागले.

एका गालात एक. दुसऱ्यात दोन. कातडी आत रुतत गेली, दातांपर्यंत, कडा पांढऱ्या पडल्या. तिचे हात माझ्या गुडघ्यांखाली होते. माझा उजवा हात तिच्या कपाळावर, डावा तिच्या खांद्यावर. तोंड उघडत चाललं. खालचे दात दिसले.

वडिलांनी मला कितीतरी गोष्टी शिकवल्या होत्या, पण अशा वेळी काय करायचं ते शिकवलं नव्हतं. मी त्या खळग्यांवर हात नेला. जिथं काहीच नव्हतं, तिथं माझी बोटं अडली. गार होतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या हातासारखं गार आणि ओलसर. मला अंगठा लागला. नखासकट.

मी तो धरला आणि मागे वाकवला. सगळा जोर लावून. काहीतरी कडकन् मोडलं. मग दुसरं धरलं. मग तिसरं. तोंडानं मी काय बोलत होते मला आठवत नाही. सुगंधाबाई म्हणते, मी मोजत होते.

तिसऱ्याला आवाज थांबला. रुखमाचे गाल भरून आले, त्यावर तीन लाल ठिपके राहिले. ती खोकली, रडली, मोठ्यानं, लहान मूल रडतं तशी भोकाड पसरून. पाच महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं.

दुपारभर ती माझ्या खोलीत झोपली. चारला उठली, भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ पडून राहिली. मग म्हणाली, “बाई, भूक लागली.”

सुगंधाबाईनं पेज केली. रुखमानं वाटी दोन्ही हातांनी धरली, मान वळवली नाही, आणि पिऊन टाकली.

८

आठव्या दिवशी लटारू आला. डोकं भादरलेलं. मी त्याला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला.

“माय गेली,” तो म्हणाला. “मागच्या गुरुवारी. सकाळच्या पारी.”

गुरुवार कोणता, ते मला विचारावं लागलं नाही.

“सकाळी वाजवून राह्यली होती. एक डाव वाजवलं आन् थांबली. मंग लयच वाजवाले लागली. आन् एकदम ओरडली बाई. पाच महिने तोंडातून शब्द नव्हता, ते अशी ओरडली का शेजारचे धावून आले.” त्यानं चहाची बशी खाली ठेवली. “आंघोळ घालताना पाह्यलं, उजव्या हाताचा आंगठा आन् दोन बोटं उलटी वळली होती. आम्ही सरळ करून पाह्यली, झाली नाई. तशीच नेली.”

मग, जमिनीकडे बघत: “तुमी आल्या होत्या तवा काई औषध गिवषध दिलं होतं का बाई तिले?”

“नाही,” मी म्हणाले.

रुखमा दारात येऊन उभी राहिली होती. केव्हापासून, मला कळलं नाही. ती रडली नाही. लटारूकडे बघून तिनं विचारलं, “शेवटी काई खाल्लं का भाऊ तिनं?”

लटारूनं मान हलवली. “तोंडच उघडत नव्हती. चंदा वाटी घेऊन बसे. कोणाची तरी वाट पाहावं तशी पडून राहे.” आणि त्याचा बांध फुटला. “आमाले माहीत होतं रुखमी. घरात सगळ्याईले माहीत होतं. तुह्या जेवणाच्या टायमाले मी वावरात निघून जाओ.”

रुखमा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली आणि तो गप्प होईपर्यंत बसून राहिली.

त्या बाईसाठी मला वाईट वाटलं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाईट वाटलं नाही. सगळ्या प्रकरणात मला खरी भीती वाटते ती याची.

९

त्यानंतर वसतिगृहात तो आवाज आला नाही. पण एका दिवसात सगळं नीट झालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन वर्षं लागली. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, कुणी मोठ्यानं बोललं की, रुखमाचा घास वाटेत थांबायचा. एकदा कोठीच्या दाराशी उभी सापडली, हात मागे बांधून, घामानं भिजलेली. आत गेली मात्र नव्हती. त्या त्या वेळी मी किंवा सुगंधाबाई तिच्याशेजारी जाऊन बसायचो आणि जेवायचो. बोलायचो नाही, मोजायचो नाही. वजन तिसाच्या वर गेलं, मग पस्तीस झालं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. त्यांना मी गुरुवारचं काही सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीत ती दहावी पास झाली आणि नर्सिंगच्या शिक्षणाला गडचिरोलीला गेली. पुढच्या उन्हाळ्यात दोन दिवस माझ्याकडे आली. अंगानं भरली होती, वेणी कमरेपर्यंत. दुपारी मी भात-वरण केलं, आंब्याचं रायतं केलं. आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसलो. तिकडच्या मुली, मेसचं पातळ वरण, पहिलं बाळंतपण पाहिलं त्याची हकीकत, असं काय काय ती सांगत होती.

बोलता बोलता म्हणाली, “बाई, एक विचारू? त्या दिवशी हॉलमंदी तुमी कोणाचे बोटं धरले होते?”

“तुझीच,” मी म्हणाले. हे उत्तर मी चार वर्षं तयार ठेवलं होतं. “तू तोंडात भात कोंबत होतीस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत भीती नव्हती. मोठी माणसं लहान मुलांचं खोटं ऐकून घेतात तशी नजर होती.

“माह्ये हात तं तुमच्या गुडघ्याखाली होते,” ती म्हणाली.

तिनं पातेलं स्वतःकडे ओढलं, आधी माझ्या ताटात भात वाढला, मग स्वतःच्या, आणि जेवायला लागली.